एवढ्याशा छातीत डोकावताना

फोंडाघाट हे गाव बहुतेकांना एसटीच्या खिडकीतून ठाऊक असतं. देवगडहून निपाणीकडे जाणारा रस्ता कणकवली तालुक्यातल्या या बाजारपेठेतून जातो आणि गाव मागे पडतं न पडतं तोच सह्याद्री अंगावर येतो. वर दाजीपूरचं जंगल, गव्यांचा मुलूख. त्यापुढे राधानगरी आणि मग कोल्हापूर. उलट दिशेला कणकवली, मुंबई-गोवा महामार्ग, ओरोस आणि खाली गोवा. बैलगाड्यांच्या काळात इथून मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर चढायचे, वरून गूळ, मिरची, कांदा उतरायचा. घाटाच्या पायथ्याशी गाड्या थांबत, बैल सोडले जात, दिवस उजाडायची वाट पाहिली जाई. गाव वाढलं ते या थांबण्यातून.

थांबायला ज्यांच्याकडे वेळ नसतो असे प्रवासीही याच रस्त्यांवरून जात आले आहेत. जन्मून दोन तास झालेलं बाळ. छाती आत ओढली जातेय, नाकपुड्या फुलतायत, दर श्वासाला कण्हल्यासारखा बारीक आवाज येतोय. डॉक्टर म्हणतात, मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. घरच्यांच्या तोंडून पहिला शब्द येतो तो, ‘खंय नेवचा?’ वर की खाली? पावसाळ्यात घाटात दरड आली असेल तर हा प्रश्न अर्धा आपोआप सुटतो, पण तो कुणाला हवा तसा सुटत नाही.

आणखी एक प्रश्न घरच्यांना सहसा सुचत नाही, डॉक्टरांना मात्र छळत असतो. या मूठभर छातीच्या आत नक्की काय चाललंय? ते कळण्याचा इतिहास मोठा आहे. त्यातले काही महत्त्वाचे टप्पे घाटाच्या वरच्या अंगालाच घडलेले आहेत.

न रडलेल्या बाळाचं काय करायचं, हे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगून ठेवलंय. बाळाच्या कानाच्या मुळाशी दोन दगड एकमेकांवर आपटावेत, तोंडावर गार किंवा कोमट पाणी शिंपडावं, सुपाने वारा घालावा. बाळाला चेतवायचं आणि श्वास सुरू होतो का ते बघायचं, हे त्यातलं मर्म. महाराष्ट्रात घरोघरी सुइणी बाळंतपणं करत तेव्हा दगडांच्या जागी ताट आलं. बाळ रडलं नाही की कानाशी ताट वाजवत. आजच्या प्रसूतिगृहात ताट नसतं, पण पाठ चोळणं आणि तळव्याला टिचकी मारणं हे पहिल्या मिनिटातलं काम अजून तेच आहे.

चरकाच्या त्याच परंपरेतून आलेली दुसरी गोष्ट मात्र लोकांच्या मनात चुकीची रुतून बसली. आठव्या महिन्यात ओज आईकडून बाळाकडे आणि बाळाकडून आईकडे फिरत असतं, म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा, असं आयुर्वेद सांगतो. घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी त्याचं सूत्र केलं: सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. फुप्फुसांचा हिशेब नेमका उलटा आहे. आईच्या पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या श्वासाच्या बाजूने मोजला जातो. तरी आजही एखादी आजी ‘आठव्यातलं आहे’ असं हळू आवाजात सांगते आणि आशा सोडल्यासारखी भिंतीला टेकते. तिला हे समजावून सांगणं हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

कल्याणच्या यमुना जोशी यांनी १४व्या वर्षी मुलाला जन्म दिला आणि ते बाळ दहा दिवसांत गेलं. योग्य उपचार मिळाले असते तर ते जगलं असतं, ही सल त्यांच्या मनात राहिली. याच यमुना म्हणजे आनंदीबाई जोशी. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला निघाल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पदवी मिळाल्यावर कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. त्या परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा त्या २२ वर्षांच्याही नव्हत्या. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात त्यांना एक दिवसही काम करता आलं नाही.

पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी त्याच दवाखान्यात बायकांवर उपचार केले. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणजेच आजचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. सगळ्या कोल्हापूरचं सीपीआर, जुन्या लोकांचा थोरला दवाखाना. फोंड्याहून घाट चढून जाणाऱ्या गाडीला सरकारी उपचार हवे असतील तर ती इथेच येऊन थांबते. दहा दिवसांचं मूल गमावलेल्या आईसाठी राखून ठेवलेली, रिकामीच राहिलेली ती खुर्ची या रस्त्याच्या टोकाला आहे, हे माहीत असलेलं बरं.

आनंदीबाईंच्या काळात कुठल्याच देशात अशा बाळाला फारसं काही देता येत नव्हतं. १८८० मध्ये पॅरिसला स्तेफान तार्निए यांनी कोंबडीची अंडी उबवण्याची यंत्रं पाहून बाळांसाठी उबेची पेटी बनवून घेतली. आपल्याकडे ‘बाळ काचेत ठेवलंय’ म्हणतात, त्या काचेची सुरुवात ती. ऊब मिळाली, पण श्वासाचं काय?

पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत हवा नसते, द्रव असतो. जन्मताच काही मिनिटांत तो मागे हटून हवेला जागा करून द्यायची असते. फुप्फुसातले इवले फुगे, वायुकोश, आतून ओले असतात, आणि ओला फुगा स्वतःलाच चिकटून मिटू पाहतो. तो मिटू नये म्हणून फुप्फुसं साबणासारखं एक द्रव्य तयार करतात. डॉक्टर त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. साधारण ३४–३५ आठवड्यांनंतर ते पुरेसं होतं. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच जड जातो. जणू दर वेळी नवा फुगा फुगवायचा. कण्हण्याचा तो आवाज म्हणजे बाळाची स्वतःची धडपड. घसा अर्धवट मिटून ते आतली हवा थोडी अडवून धरतं, वायुकोश पुरते मिटू देत नाही.

हे द्रव्य कमी पडतं म्हणून बाळं दगावतात, हे मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी अमेरिकेत १९५९ मध्ये दाखवून दिलं. जगाला या आजाराचं नाव कळलं ते चार वर्षांनी. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, पॅट्रिक. दिवस पुरे व्हायला साडेपाच आठवडे उरले होते, वजन २.१ किलो. तो ३९ तास जगला. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाच्या मुलाला जे मिळालं नाही, ते आज जिल्ह्याच्या गावातही मिळू शकतं. जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी १९८० मध्ये दहा बाळांच्या फुप्फुसांत बाहेरून सर्फॅक्टंट सोडलं आणि तो उपचार जगभर रुळला.

त्याआधी १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी यांनी बाळाच्या कण्हण्याचंच तंत्र यंत्राला शिकवलं होतं. श्वास सोडतानाही छातीत थोडा दाब शिल्लक ठेवायचा. त्यांच्या पहिल्या २० बाळांपैकी १६ जगली. हे सी-पॅप. त्याचा सगळ्यात साधा अवतार बघितला तर कुणालाही कळेल: नाकात मऊ नळ्या, त्यांतून वाहणारी हवा आणि नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवलेलं. बुडबुडे येत राहिले की तेवढा दाब छातीत टिकून आहे. जास्त दाब हवा तर नळी आणखी एक सेंटिमीटर खाली.

व्हेंटिलेटरचं प्रकरण इतकं सोपं नव्हतं. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा ब्योर्न इब्सेन यांनी रुग्णांच्या घशात नळी घालून हाताने पिशवी दाबत श्वास द्यायला सुरुवात केली. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने पिशव्या दाबत बसले. बाहेरून हवा ढकलून माणूस जगवता येतो, हे तिथे सिद्ध झालं. हातांच्या जागी यंत्रं आली, मग ती यंत्रं बाळांना लावली गेली. आणि १९६७ मध्ये स्टॅनफर्डच्या विल्यम नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी एक अस्वस्थ करणारा शोध मांडला. व्हेंटिलेटर आणि जास्त ऑक्सिजनवर वाचलेल्या काही बाळांच्या फुप्फुसांत एक नवाच, चिवट आजार दिसत होता. निसर्गात तो कधी नव्हता. उपचाराने तो निर्माण झाला होता.

एक किलोच्या बाळाचा एक श्वास म्हणजे सुमारे पाच मिलिलिटर हवा, घरातला एक चहाचा चमचा भरेल इतकी. यंत्र ती चमचाभर हवा मिनिटाला चाळीस-पन्नास वेळा ढकलणार. किती दाबाने, श्वास संपल्यावर किती दाब शिल्लक ठेवून, किती ऑक्सिजन मिसळून, हे आकडे डॉक्टर ठरवतात. दाब कमी पडला तर वायुकोश मिटतात आणि दर श्वासाला उघडता-मिटता खरवडले जातात. जास्त झाला तर ताणून फाटतात, हवा फुप्फुसाबाहेर छातीत साठते आणि काही मिनिटांत बाळ निळं पडतं. या दोन टोकांमधली वाट अरुंद आहे, आणि कित्येक वर्षं ती जवळपास चाचपडतच शोधली गेली. छाती हलते का बघा, रंग बघा, रक्तातला वायू तपासा आणि आकडा बदला. आत काय होतंय ते दिसत नव्हतं.

महाराष्ट्रात या काळात वेगळीच लढाई चालू होती. व्हेंटिलेटर होते ते मोठ्या शहरांत, तेही मोजके. १९८० मध्ये नवजात बालकांच्या डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना, नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम, स्थापन झाली. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ऊब, आईचं दूध आणि धुतलेले हात यांच्या बळावर जेवढी बाळं वाचवता येतील तेवढी वाचवायची, हा त्या पिढीचा बाणा होता.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे याहून बिकट अडचण होती. न्यूमोनियाने मुलं मरत होती आणि श्वास मोजणं हाच निदानाचा खात्रीचा मार्ग होता. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, त्याहून मोठ्याचे ५० किंवा जास्त, म्हणजे धोका. पण गावातल्या दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग मण्यांचं एक साधन बनवलं गेलं. सोबत एका मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलात तर औषध सुरू करा. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. १९९९ मध्ये त्याच मासिकात गडचिरोलीतल्या ३९ गावांचा अहवाल आला. घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतल्याने त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे श्वास मोजते, त्यामागे ही गावं आहेत.

मण्यांची ती माळ या इतिहासातलं फार मोठं यंत्र आहे. बाळाच्या जवळ, हाताशी, बघणाऱ्याला समजेल असं काहीतरी हवं, हे तिच्यातून दिसलं. पुढचा सगळा शोध याच दिशेने गेलाय. फक्त मोजण्याकडून तो बघण्याकडे वळला.

बघायला एक्स-रे होता. राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले तेव्हापासून छातीचा फोटो हाच शेवटचा शब्द मानला गेला. पण नाजूक बाळाचा एक्स-रे काढणं म्हणजे पेटी उघडणं, अंगाखाली गार पट्टी सरकवणं, नळ्या सांभाळत बाळाला सरळ धरणं, बाकीच्यांनी बाजूला होणं. मग फोटोची वाट पाहायची. इतकं करून हाती येतो तो एका क्षणाचा तुकडा. दाब बदलला, आता काय झालं? पुन्हा एक्स-रे. दिवसातून दहादा तो काढता येत नाही, काढूही नये. छातीत हवा फुटल्याचा संशय आला तर खोलीतला दिवा मालवून छातीला थंड प्रकाशाचा टॉर्च लावण्याची युक्ती १९७० च्या दशकात आली. हवा साठली असेल ती बाजू कंदिलासारखी उजळते. ही युक्ती आजही वापरात आहे.

सोनोग्राफीचा विचार मात्र कुणी करत नव्हतं. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पोटातल्या गाठी आणि गर्भ ध्वनिलहरींनी दाखवले, त्यानंतर हे यंत्र जगभर पसरलं. पण फुप्फुस वगळून. कारण सरळ होतं. ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत, तिथूनच परत फिरतात. पडद्यावर चित्र येत नाही, येतो तो नुसता गोंधळ. फुप्फुसासाठी हे यंत्र कामाचं नाही, असं पाठ्यपुस्तकंही सांगत.

त्या गोंधळातच अर्थ आहे, हे आधी लक्षात आलं ते घोड्याच्या बाबतीत. १९८६ मध्ये रँटनेन या पशुवैद्याने लिहिलं की निरोगी घोड्याच्या बरगड्यांखाली फुप्फुसाचं आवरण श्वासागणिक सरकताना दिसतं आणि छातीत हवा फुटली की ते सरकणं थांबतं. पॅरिसजवळच्या अतिदक्षता विभागात काम करणारे दानिएल लिश्तेनश्ताईन यांनी हेच माणसांत, वर्षानुवर्षं, पलंगाशेजारी उभं राहून तपासलं. त्यांचा १९९५ चा लेख सरकत्या आवरणावर होता. १९९७ मध्ये त्यांनी फुप्फुसात पाणी वाढलं की पडद्यावर वरून खाली उतरणाऱ्या पांढऱ्या रेषांचा अर्थ लावला. प्रस्थापितांना ते पटायला बरीच वर्षं गेली.

बाळांपर्यंत ही गोष्ट आणली ती इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातल्या दोन डॉक्टरांनी, रोबेर्तो कोपेत्ती आणि लुइजी कात्तारोस्सी यांनी. कोपेत्ती लातिसाना नावाच्या एका छोट्या गावाच्या रुग्णालयात होते. मोठ्या विद्यापीठाचं शहर नव्हे, तालुक्याच्या तोडीचं ठिकाण. २००७ आणि २००८ मध्ये त्यांनी दोन आजारांची चित्रं वेगळी करून दाखवली. सर्फॅक्टंट नसलेल्या बाळाची दोन्ही फुप्फुसं वरपासून खालपर्यंत सारखी पांढरी दिसतात, धुक्यात बुडालेल्या दरीसारखी. आणि जन्मानंतर नुसता द्रव ओसरायला उशीर लागलेल्या, ‘ओल्या’ फुप्फुसाच्या बाळात पांढरा भाग खाली असतो, वर काळा. मधे एक स्पष्ट सीमा. पहिल्या बाळाला औषध आणि यंत्र दोन्ही लागू शकतं. दुसरं बहुतेकदा थोडा आधार दिला की एक-दोन दिवसांत आपोआप सावरतं. बाहेरून मात्र दोघांची धाप सारखीच दिसते.

बाळांना हे तंत्र मोठ्या माणसांपेक्षा जास्त लागू पडतं, यात निसर्गाची कृपा आहे. छाती छोटी, बरगड्या अजून कूर्चेसारख्या मऊ, चरबी पातळ. हातभर लांबीच्या देहावर सोनोग्राफीची बोटाएवढी पट्टी फिरवली की जवळजवळ सगळं फुप्फुस नजरेखालून जातं. जेल कोमट करून घ्यायचं, हात आणि पट्टी निर्जंतुक करायची, पेटीच्या खिडकीतून हात घालायचा. बाळ हलवायचं नाही, किरण नाहीत, आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघता येतं.

२०१५ मध्ये फ्रान्समधल्या रोझलीन ब्रा, दानिएले दे लुका आणि सहकाऱ्यांनी त्याला आकड्यांची शिस्त दिली. दोन्ही बाजूंचे तीन-तीन असे सहा भाग. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. एकूण जास्तीत जास्त १८. शून्य म्हणजे हवेने भरलेलं काळं फुप्फुस, तीन म्हणजे घट्ट, हवा हरवलेलं. बेरीज जितकी मोठी तितकी त्या बाळाला सर्फॅक्टंट लागण्याची शक्यता जास्त, आणि ते औषध पहिल्या काही तासांतच द्यायचं असतं. २०२० मध्ये युरोपातल्या बालअतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने पलंगाशेजारच्या सोनोग्राफीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि हे तंत्र प्रयोगाच्या खोलीतून रोजच्या कामात आलं.

व्हेंटिलेटरच्या आकड्यांशी त्याचं नातं इथे जुळतं. बाळ यंत्रावर आहे, पाठीकडचे भाग पांढरे आहेत. श्वासाअखेरचा दाब एका सेंटिमीटरने वाढवा, थोडं थांबा, पुन्हा बघा. पांढऱ्याच्या जागी रेषा सुट्या होऊ लागल्या, मधे काळं डोकावू लागलं, म्हणजे मिटलेले कोश उघडतायत. काहीच बदलत नसेल तर दाब वाढवत राहण्याऐवजी बाळाला कुशीवर किंवा पालथं घालणं, नळीची जागा तपासणं हे मार्ग उरतात. अचानक ऑक्सिजन उतरला तर आवरण सरकतंय का हे बघायला काही सेकंद लागतात. पूर्वी त्याच प्रसंगी एक्स-रेच्या माणसाला फोन लावला जाई.

याला एक मोठी मर्यादा आहे आणि शिकवणारे तज्ज्ञ ती वारंवार सांगतात. हवेने छान भरलेलं फुप्फुस आणि हवेने जास्त ताणलेलं फुप्फुस, दोन्ही पडद्यावर काळीच दिसतात. दाब कमी पडतोय हे सोनोग्राफी सांगते. जास्त होतोय हे सांगण्यात ती कच्ची आहे. ती उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांत दुसरं एक तंत्र वाढतंय. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या डेव्हिड बार्बर आणि ब्रायन ब्राऊन यांनी १९८० च्या दशकात त्याचा पाया घातला. छातीभोवती पट्टा, त्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह, आणि हवा कुठल्या भागात किती जातेय याचं श्वासागणिक हलणारं चित्र. चित्र ढोबळ असतं, पण सतत चालू असतं. बाळांसाठी ते अजून बहुतांशी संशोधनाच्या पातळीवर आहे.

महाराष्ट्रात सोनोग्राफीची पट्टी बाळाच्या छातीवर ठेवण्याआधी आणखी एका इतिहासातून जावं लागतं. गर्भातली मुलगी ओळखून तिला मारण्यासाठी हेच यंत्र वापरलं गेलं. मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी १९८० च्या दशकात आवाज उठवला आणि १९८८ मध्ये देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८३९. घाट उतरून सिंधुदुर्गात आलं की आकडे इतके भीषण नव्हते, पण डोंगराने असे प्रश्न अडत नाहीत.

कोल्हापूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी, पुढे बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले लेखक लक्ष्मीकांत देशमुख, यांनी २०१० मध्ये जिल्ह्यातल्या सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडायला लावलं. प्रत्येक तपासणीचं चित्रण आपोआप साठत राहील असं ते उपकरण. रेडिओलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली. २०११ मध्ये न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश योग्य ठरवला. २०१२ मध्ये नियम बदलून उचलून नेता येणाऱ्या यंत्रांवर बंधनं आली. नोंदणी झालेल्या दवाखान्याच्या आवारात, दाखल रुग्णांसाठी, किंवा इतर सेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात, एवढ्यापुरतीच त्यांना मोकळीक राहिली.

नवजात बाळाच्या डॉक्टरला याचा त्रास झाला, हे खरं. ज्या तपासणीत लिंगनिदानाचा प्रश्नच उरत नाही, कारण बाळ समोर पेटीत आहे, तिच्यासाठीही यंत्राची नोंदणी, कागदपत्रं आणि तपासनीस सांभाळावे लागतात. लहान गावातला डॉक्टर त्या भानगडीत पडायला कचरतो. पण ८३९ हा आकडा आठवला की कायद्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्यांच्या फुप्फुसांचं चित्र कुणी काढणार नव्हतं. कायदा तसाच राहावा, आणि नोंदणी करून नवजात कक्षात यंत्र ठेवणाऱ्याला शासनाने हात द्यावा. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध नाहीत.

फोंड्याच्या बाळाची वाट या सगळ्यातून जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जन्मलेल्या बाळासाठी ऊब देणारा पाळणा, पिशवी आणि मास्क असलेला नवजात कोपरा असतो. तिथून कणकवली, आणि मग ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाचा विशेष नवजात कक्ष, एसएनसीयू. देशातला असा पहिला कक्ष २००३ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात सुरू झाला. मग राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला. २०११ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत या कक्षाचं काम नेमकं आखलेलं आहे: आजारी बाळाचे सगळे उपचार, फक्त व्हेंटिलेटर आणि मोठी शस्त्रक्रिया सोडून. त्या ‘सोडून’ शब्दापासून पुढे सिंधुदुर्गातल्या आईबापांचा प्रवास सुरू होत आलाय.

खाली गोव्यातली बांबोळी. १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी पणजीत सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं गोवा मेडिकल कॉलेज पिढ्यान् पिढ्या सिंधुदुर्गाचंही इस्पितळ राहिलं. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे संताप उसळला, तो उगाच नव्हता. वर कोल्हापूरचा थोरला दवाखाना. आता ओरोसलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलंय, तेव्हा जिल्ह्यातच अधिक काही होईल अशी आशा धरायला जागा आहे. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका फोनवर येते. तरी बाळाला घेऊन घाट चढणं हे सोपं काम नाही. वळणावर नळी सरकते, बाळ गार पडतं, ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे डोळे लावून बसावं लागतं. दीड हजार लिटरचा बी टाइप सिलिंडर मिनिटाला पाच लिटरने पाच तास पुरतो. दरड हटेपर्यंत पुरेल की नाही हे गाडीतल्या कुणाच्या हातात नसतं.

म्हणून लातिसानाच्या त्या दोन चित्रांचं मोल मोठ्या शहरातल्या अतिदक्षता कक्षापेक्षा घाटाच्या पायथ्याशी जास्त आहे. जन्मून दोन तास झालेलं, धाप लागलेलं बाळ कणकवलीत किंवा ओरोसला पेटीत आहे. पट्टी छातीवर ठेवली आणि पांढऱ्या-काळ्याची स्पष्ट सीमा दिसली, तर नाकात नळ्या, पाण्यात बुडबुडे, आईचं दूध आणि दर काही तासांनी पुन्हा एक नजर; बाळ आईजवळच राहू शकतं. दोन्ही फुप्फुसं सारखी पांढरी दिसली, गुणांची बेरीज चढत गेली, तर गाडी तेव्हाच बोलवायची. बाळ थकून निळं पडायच्या आत, दिवसाउजेडी, आणि पुढच्या दवाखान्याला सहाही भागांचे गुण फोनवर सांगून, म्हणजे तिथे सर्फॅक्टंटची बाटली आधीच हातात धरून कोमट करत कुणीतरी उभं असेल.